चीक निथळेपर्यंत

सुनेने कोरफडीचे जाड पान बुडाशी कापले आणि कापलेली बाजू खाली करून ते काचेच्या उंच पेल्यात उभे ठेवले. पिवळा चीक संथपणे उतरू लागला. हा चीक पोटाला बाधतो, तो पुरता निथळल्यावाचून आतल्या गराला हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. तोवर दोघांनी ओट्यापाशी बसून राहायचे.

हे बसून राहणेच सासऱ्यांच्या दिवसाचे मंगलाचरण झाले होते. जन्मभर पुस्तकबांधणी केलेला हा गृहस्थ मुळातच मितभाषी. नकाशे काढण्याची नोकरी करणारी सूनही तशीच. मुलगा सकाळी कामावर गेला की घरात "दूध तापवलंय" आणि "दार लावून घ्या" यांखेरीज शब्द उमटत नसे. पुढे सासऱ्यांना पित्ताने छळले, सुनेने कोरफडीचा रस सुरू केला आणि या दोन स्टुलांवर संभाषणाने कसा कोण जाणे जीव धरला. ती कचेरीतल्या साहेबाची नक्कल करी. ते पुस्तकं चिकटवायची खळ कशी शिजवायची ते रंगवून सांगत.

आज मात्र एक गोष्ट सांगावी की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हते. आठवड्यापूर्वी सुरू झालेल्या रक्तदाबाच्या नव्या गोळीबरोबर कोरफड पोटात घ्यायची नाही, असे डॉक्टरीणबाईंनी काल तपासताना निक्षून सांगितले होते. सांगावे, तर उद्यापासून पेला फडताळात जाणार आणि स्टुले आपापल्या भिंतींना लागणार. न सांगावे, तर अपाय व्हायचा, आणि तोही तिच्या हातून.

"पोट काय म्हणतंय, बाबा?"

"झकास! जळजळ नाही, आंबट ढेकर नाही. आणि हल्ली रस कडूसुद्धा लागत नाही बघ. जीभ सरावली माझी."

"सरावली?" तिने ओठ दाबून हसू आवरले.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. चालू द्या गुणगान."

त्यांनी पुढ्यातल्या फडक्याची घडी अंगठ्याच्या नखाने, जणू पुस्तकाचा फर्मा दुमडावा तशी, दाबून काढली.

"सूनबाई, कालच सांगायला हवं होतं. नव्या गोळीबरोबर हे चालत नाही म्हणे. बंद करायला सांगितलंय."

तिने कोपऱ्यातल्या ताटलीवरचे झाकण उचलले. आत काकडीच्या हिरव्यागार साली होत्या.

"मला औषधवाल्याने गेल्या आठवड्यातच बजावलं, गोळ्या आणायला गेले तेव्हा. तेव्हापासून तुम्ही काकडीचा रस पिताय."

"काकडीचा!"

"आणि कडू लागावा म्हणून मेथीची पूड. ती जरा कमी पडली असेल."

"अगं, मी सगळ्या गल्लीत कोरफडीचे गोडवे गात फिरतोय!"

"माहीत आहे. समोरच्या काकूंनी काल कोरफडीच्या दोन कुंड्या विकत आणल्या."

सासरे इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चष्मा पुन्हा चढवला, तेव्हा त्यांची दृष्टी पेल्यातल्या पानावर स्थिरावली.

"मग हे रोज कशाला कापतेस?"

"केसांना लावते," ती म्हणाली, आणि कोरडाच असलेला ओटा पुसू लागली.

तिचे केस मुलाच्या केसांहून आखूड कातरलेले होते. सासऱ्यांनी ते पाहिले आणि फडक्याची घडी पुन्हा एकदा दाबली.

पेल्याच्या तळाशी पिवळा चीक साचला होता. नवा थेंब आता पडत नव्हता.

"निथळलं वाटतं," म्हणत ती उठू लागली.

सासऱ्यांनी पेला उचलून उजेडात धरला, विद्वानाने पोथी न्याहाळावी तसा न्याहाळला आणि अलगद खाली ठेवला.

"छे," ते म्हणाले, "पुष्कळ आहे अजून. बस."