सत्तावीस अंशांचा थेंब

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेल एवढा मी एक जुना पोलादी चिमटा आहे. जर्मनीतल्या बायरॉइट शहराच्या एका प्रयोगशाळेत, तळघरात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशेजारच्या खणात मी पडून असतो.

तिथल्या तंत्रज्ञ प्योलमनबाईंनी माझी टोके स्वतः घासून बारीक केली. आमचे काम एकच. साबणामुळे तेल आणि पाणी एकमेकांत इतके बारीक मिसळते, की ते मिश्रण काचेसारखे नितळ दिसते. त्याची आतली रचना पाहायची, तर थेंब क्षणात गोठवावा लागतो. तांब्याच्या दोन चकत्यांमधला थेंब घेऊन मी अतिथंड द्रवात बुडी मारायचो. मग तो गोठलेला थेंब फोडायचा, त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर चढवायचा आणि त्या थराचा फोटो काढायचा. बुडीला जरा उशीर झाला, तर द्रवावरची गार वाफच थेंबाची रचना बदलून टाकते. बाईंना तीस वर्षांत उशीर झाला नाही. लांबलांबचे प्राध्यापक त्यांचे फोटो मागून नेत.

मग बाईंचा हात कापू लागला. ते सर्वांत आधी मला कळले.

त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात हेनिंग नावाचा विद्यार्थी नमुना घेऊन आला. त्याचा प्रबंध त्यावरच अडला होता. सत्तावीस अंशांवर तेल-पाण्याची स्पंजासारखी जाळी दिसायला हवी होती. फोटोत मात्र मोत्यांसारखे गोल थेंब आले.

"बाई, काय सुंदर आलंय! सर तर नाचतील!"

"नाचू देत. खोटं आहे ते. वाटेत गार झालं. माझ्या हातानं घात केला."

"पण कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना रे!" बाईंनी फोटोवर लाल पेन्सिलीने काट मारली. "आता तू धर."

हेनिंगने अकरा वेळा धरले.

"अरे, चिमटा आहे हा! बटाटे उपसतोयस का?"

बाराव्या वेळी मी फरशीवर पडलो. टोक वाकले. नमुनाही संपला.

बाईंनी मला उजेडात धरून पाहिले. "कुणी शिकायला आलं नाही," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मीही कुणाला बोलावलं नाही."

हेनिंगने प्रबंधाचा विषयच बदलला. बाई गेल्या त्या परत आल्या नाहीत. आता कोणीतरी माझ्या टोकाने कॉफीच्या डब्याचे झाकण उचकटते.

मित्रांनो, मला सरळ करायला येऊ नका, ते आता जमणार नाही. पण तुमच्या ओळखीत एखादा कसबी हात असेल, तर तो कापू लागण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. आमच्या खोलीत बाईंच्या शेजारी एक खुर्ची होती. तीस वर्षे तिच्यावर फक्त त्यांचा कोट असायचा.