बायकांची चढण

...आणि खारातल्या आलूबुखाराची बी फुसाएने पुन्हा जिभेखाली सरकवली. भाताच्या मुटक्यातली ती बी मघाशीच थुंकता आली असती. पण तोंडात काही असलं की बोलावं लागत नाही, आणि समोर तर फाटा आला होता. डावीकडे पुरुषांची चढण – उभा कातळ, त्यावरून लोंबणाऱ्या साखळ्या. उजवीकडे बायकांची – बीचच्या झाडांच्या रानातून वळसे घेत जाणारी. दोन्ही वर एकाच खिंडीत निघतात. लग्न होऊन या डोंगराच्या पायथ्याशी आल्यापासून दर वसंतात ती डावीकडेच गेली होती, आणि नणंद नात्सुयो उजवीकडे. मग खिंडीतल्या वाऱ्यात बसून नणंदेची वाट बघायची, बिचारीला चढवत नाही म्हणून कीव करायची... कीव तरी कसली, तोराच तो माझा.

"निघू मी, वहिनी? भेटू वर."

गुडघा... हिवाळ्यात छपरावरचं बर्फ उपसताना जो धरला, तो धरलाच. फुसाएने बी थुंकली.

"आज येते तुमच्याबरोबर, वन्सं. अस्वलं हिवाळ्याच्या झोपेतून उठलीत म्हणे."

"याच की! तुम्हाला बघून अस्वलच वाट बदलेल."

रानात बर्फ होतं अजून, पण प्रत्येक बुंध्याभोवती गोल वितळलेलं – जणू झाडं आतून तापली होती – आणि त्या गोलांत पाकळ्या मागे दुमडलेली जांभळी फुलं. हे सगळं इतकी वर्षं इथेच होतं? झऱ्यापाशी नात्सुयोने पिशवीतून चक्क किटली काढली.

"हे काय?"

"नेहमीचंच. चहा, मग जराशी डुलकी."

"आणि मी समजत होते, तुम्हाला चढवत नाही!"

"न चढवायला काय झालंय? घरी आई, दादा, सगळे तुमच्या डोक्यावर. वर एकट्या बसलात की चेहरा कसा निवलेला दिसायचा तुमचा. म्हटलं, बसू दे घटकाभर." नात्सुयोने कप पुढे केला. "शिवाय चहा दोघींना पुरला नसता."

रागवावं, असं फुसाएला वाटलं. राग शोधूनही सापडेना, हसूच फुटलं. वर कातळावर कुणी पोरं साखळ्यांना लटकून एकमेकांना हाका मारत होती. आता हेवा वाटेल, म्हणून ती वाट बघत राहिली... वाटलाही, थोडासा, पण चहा गरम होता, आणि वर पोचायची घाई कुठे गेली, हे काही केल्या तिला आठवेना.