अर्धी राहिलेली भिंत

“छकुले, टीव्ही लावला की कॉम्प्युटरचं चित्र आपोआप तिकडं जायचं, ते तू कसं केलं होतंस गं?”

पन्नाशी उलटलेल्या बाईला छकुली म्हणणारा जगात आता एकच माणूस उरला होता. तिने पडद्यावरचा अर्धा काढलेला जिना तसाच सोडला आणि फोन कानाशी नीट धरला. ती घरांचे नकाशे काढायची. टेबलावर दोन मॉनिटर, एकावर नकाशा, दुसऱ्यावर मापं.

“का रे दादा?”

“इथंही तसंच करायचंय. हिचं भाषांतर चालू असतं आणि मला बुद्धिबळाचे डाव बघायचे असतात. दर वेळी हिला कुठं उठवू?”

दोघं भावंडं इतकी वर्षं बिनलग्नाची. आईवडील गेल्यावर एकमेकांना धरून राहिली. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने भिंतीतून लांब वायर ओढून त्याच्या खोलीतला टीव्ही आपल्या कॉम्प्युटरला जोडला. त्या जुन्या यंत्राला तिन्ही पडदे एकदम झेपत नसत. दादा हाका मारायचा, ती सेटिंग बदलायची. शेवटी हाकांना कंटाळून तिने एक छोटा प्रोग्राम बसवला. दादाने टीव्ही लावला की हिचे दोन्ही मॉनिटर बंद. त्याने बंद केला की पुन्हा चालू, सगळं जागच्या जागी. ऐन कामात पडदे काळे पडले की ती करवादायची, “दादा, माझी भिंत अर्धी राहिली!”

“राहू दे, वारा येईल!” तिकडून उत्तर यायचं.

आणि मग साठीला टेकलेल्या दादाने लग्न केलं. बाई विधवा, समंजस, दुसऱ्या गावच्या; दादा तिकडेच राहायला गेला. साक्षीदार म्हणून पहिली सही बहिणीनेच केली. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, हीच पंचाईत.

“बस कॉम्प्युटरसमोर,” ती म्हणाली. “प्रोग्राम उतरवलास? आता टीव्ही लाव. चित्र तिकडं घे, मॉनिटर बंद कर. झालं? ही मांडणी सेव्ह कर.”

“नाव विचारतंय.”

“माझ्याकडं ‘दादा’ होतं. तू दे काहीही.”

“‘अहो’ देतो,” तो खो खो हसला.

“दे. आता टीव्ही एकदा बंद करून परत लाव.”

“गेलं! गेलं बघ आपोआप!”

मागून आवाज आला, “अहो, माझं वाक्य अर्धं राहिलं!”

“राहू दे, वाचणारा पुरं करेल!”

बहिणीने फोन किंचित दूर धरला. परत कानाशी नेला तेव्हा पलीकडे वहिनी होत्या.

“वन्सं, काय हे शिकवलंत यांना! स्क्रीन अशी गेली की तुम्ही काय करायचात?”

“त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, वहिनी. बुद्धिबळ कळलं नाही तरी चालतं. तो सांगत असतो.”

“आणि काम?”

“काम पडायचं मागं.”

वहिनी हसल्या. एकदा या राहायला, म्हणाल्या. येईन, ती म्हणाली.

मग तिने जिना पुरा केला. दारं बसवली, खिडक्या बसवल्या, मापं तपासली. बाहेर उजेड असतानाच नकाशा संपला. बिल्डरला पाठवला तर लगेच उत्तर आलं, ‘अरे वा, एवढ्या लवकर!’

दोन्ही पडदे लख्ख उजळलेले होते. ती थोडा वेळ त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली. मग पुढच्या आठवड्याचं काम उघडलं आणि पहिली भिंत ओढायला घेतली.