भिंतीतला खर्ज

रित्वाच्या टेबलावर सांडगे वाळत घातल्यासारखे सुटे भाग पसरलेले असत. ताम्पेरे शहरातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती स्वतःच्या हाताने अ‍ॅम्प्लिफायर बांधत होती. दोन बारके स्पीकर टेबलावर आणि खर्जाच्या खोल आवाजाला अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वेगळी वाट काढून जमिनीवर एक सबवूफर. तयार मिळतो, हे सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण तयार वस्तू उघडून बघायची सोय नाही, असं तिचं म्हणणं.

सगळं जमलं, फक्त सबवूफरची घरघर जाईना. घरी बांधणाऱ्याला अशा वेळी संशय येतो तो स्वतःचाच. तिने अर्थिंग बदललं, ट्रान्सफॉर्मर लांब नेला, सोल्डरिंग नव्याने केलं. शेवटी वैतागून प्लगच उपटला. तरी सबवूफरच्या पडद्यावर टेकवलेल्या बोटाला थरथर लागतच राहिली. वीज नाही आणि स्पीकर हलतोय! रित्वा चक्क आडवी झाली आणि तिने जमिनीला कान लावला. तीच घरघर खालून येत होती.

बरोबर खाली एइनो राहायचे. ऐंशी ओलांडलेले, एकटे. भिंतीत काहीतरी घुमतं, झोप येत नाही, असं ते दोन वर्षं सांगत होते. सोसायटीचा माणूस ऐकून गेला, डॉक्टरांनी कान तपासले. कुणालाच काही सापडलं नाही. मग बापाचं डोकं फिरत चाललंय असं ठरवून लेकीने, मार्केत्ताने, वृद्धाश्रमात खोली घेतली. घर सोडायचं एइनोंच्या जिवावर आलं होतं. पण सामान बांधून झालं होतं आणि सोमवारी निघायचं होतं.

शनिवारी दुपारी रित्वा आपलं सगळं लटांबर घेऊन खाली एइनोंकडे आली. मार्केत्ताही तिथेच होती. स्पीकर उलटा जोडला की कानाचं काम करतो, हे तिला ठाऊक होतं. तिने सबवूफर पलंगामागच्या भिंतीला टेकवला, त्याच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाज आत जातो त्या बाजूला जोडल्या आणि मार्केत्ताच्या डोक्यावर जाडजूड हेडफोन चढवले. खर्जाची वाट फक्त खोल आवाज पुढे सोडते, बाकीचे अडवते. मार्केत्ताच्या कानात घरघर घुमली आणि कपाळाला आठी पडली. हे तुझ्या यंत्राचंच असेल, ती म्हणाली.

शंका रास्त होती. रित्वालाही तीच धास्ती होती, म्हणूनच तिने इमारतीच्या केअरटेकरला आधीच तळघरात पाठवलं होतं. त्या भिंतीतून हीटरचे पाइप जात होते आणि त्यांत गरम पाणी ढकलणारा पंप तळघरात होता. मनाला येईल तेव्हा पंप बंद कर, मलासुद्धा सांगू नकोस, असं तिने त्याला बजावलं होतं.

एइनो पाठमोरे, कॉफी ढवळत होते.  

"थांबलं," एइनो म्हणाले.

मार्केत्ताने हेडफोन काढले. "बंद पडलं की काय गं? काहीच ऐकू येत नाहीये."

"यंत्र चालूच आहे, थांबलाय तो पंप. आणि तुझे बाबा हेडफोनशिवाय, तुझ्याआधी म्हणाले," रित्वा म्हणाली.

मार्केत्ता बांधलेल्या खोक्यावर मटकन बसली. तिला रडू आवरेना. "बाबा, मी तुम्हाला वेडं ठरवलं."

"बहिरं ठरवलं असतंस तर परवडलं असतं," एइनो म्हणाले. "जरा ऊठ आता. त्या खोक्यात कप आहेत. एकच बाहेर ठेवलायस आणि आपण तिघं आहोत."