अनुशीचा मुखडा

“इकली म्हंजे?” गोजरबाईनं विचारलं. हातातली थापी ओल्या डेऱ्याच्या कडेवरच थांबली.

“म्हंजे पैसे देऊन तिकडंच ठेवून घेतली, मावशी. तिथल्या एका मूर्ती-चित्रांच्या अजबखान्यानं.” इनायत अंगणातल्या ओंडक्यावर बसता बसता म्हणाला. त्याच्या तोंडावरचा आनंद मावत नव्हता. “पॅरिसला लय मोठं प्रदर्शन भरलं व्हतं. देशोदेशीचे चित्रकार, मूर्ती घडवणारे. आन त्यात तुमची अनुशी! लोकं थांबून थांबून बघत व्हते.”

इनायत वसमतचा. त्याचा बाप कबरींचे दगड घडवायचा. पोरगा हैदराबादेला शिकून शिल्पकार झाला. चार वर्षांखाली, म्हणजे चौतीस साली, औंढ्याच्या देवळावरच्या मूर्तींची चित्रं काढायला तो या भागात आला आणि चांगल्या मातीच्या शोधात जवळा बाजारच्या या अंगणात पोचला. माती मागायला आला आणि माती मळणाऱ्या पोरीकडे बघून म्हणाला, हिचा मुखडा करू द्या. अनुशी तेव्हा सोळाची. लग्न झालेलं, नांदायला जायची राहिलेली. आठ दिवस ती पाटावर बसली. हसू दाबून दाबून तिचे गाल दुखले. मातीचा मुखडा झाला, त्यावर प्लास्टर ओतून इनायतनं साचा घेतला, साच्यातून पांढराफेक मुखडा काढला. काढताना साचा फुटला तो फुटला. “दाखवून झाला की आणून देतो,” असं म्हणून इनायतनं तो भुश्यात घालून नेला.

मागं राहिला तो चेपलेला मातीचा मुखडा. चाळलेली, लीद घालून मुरवलेली माती ती, टाकून कोण देतं? गोजरबाईनं त्याच दिवशी तिच्यावर पाणी मारलं आणि पायानं मळून टाकली. अनुशी शेजारीच उभी होती. “आये, माह्या नाकावर पाय देऊन राहिली तू,” म्हणत खदाखदा हसली होती. त्या मातीची गाडगी बायांनी बोटानं वाजवून वाजवून दोन बाजारांत नेली.

“बोलवा की तिला,” इनायत म्हणाला. त्यानं पेटीतून हिरवं लुगडं काढलं. “का सासरी हाय? शिरड शहापूरलाच दिली ना? जाता जाता देतो मी.”

चाकावरचा ग्यानबा उठला आणि माती आणायला घरामागं गेला. बोलायची वेळ आली की गोजरबाईच्या नवऱ्याला नेहमीच माती कमी पडायची.

“अनुशी न्हाई आता,” गोजरबाई म्हणाली. “बाळंतपणात गेली. तीन वर्सं झाली. ही तिची.”

उंबऱ्यावर मिरी बसली होती. हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. इनायतनं लुगड्याची घडी उगाच पुन्हा घातली.

“आज्जे, हेच मियाँ का?” मिरीनं विचारलं. “माही आई आणली का त्यानं?”

तिला तसंच सांगून ठेवलेलं होतं. शेजारची लेकरं आयांच्या पदराला लोंबकळत जायची, आणि मिरी विचारायची, माही आई कशी व्हती? कशी म्हणजे काय सांगावं? रंगानं निमगोरी, नाकीडोळी नीटस, हे तर सोयरीक जुळवताना कुणाच्याही पोरीचं सांगतात. गोजरबाई म्हणायची, मियाँनी नेलीय, आणतील तवा बघ. म्हणता म्हणता तिचाच त्यावर भरवसा बसला होता. डोळे मिटले की अनुशीचं लुगडं दिसायचं, चालणं दिसायचं. तोंड यायचं आणि पाण्यातल्यासारखं हलून जायचं.

“मियाँ, तुमी तर माघारी आणून देतो म्हनले व्हते.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर इनायतला बरं वाटलं असतं.

“व्हय मावशी. मी म्हनलं, अनुशी तर तुमच्यापाशीच हाय. मुखडा राहिला तिकडं तर काय बिघडलं.”

“फोटू?”

इनायतनं प्रदर्शनाचं पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. “फोटू नामांकितांचेच छापतात. आपलं नुसतं नाव.”

“अनुशीचं?”

“माझं,” इनायत खाली बघत म्हणाला. “आन म्होरं, कुंभाराची मुलगी.”

“कुंभाराच्या पोरी हितं आळीत दहा हायेत,” गोजरबाई म्हणाली आणि डेऱ्यावर थापी मारू लागली.

इनायत गेला नाही. त्यानं पेटी उपसून एक जुनी वही काढली. अनुशीच्या तोंडाची सगळी मापं तिच्यात होती: कानापासून कान, भुवईपासून हनुवटी, नाकाची रुंदी. “मावशी, माती द्या,” तो म्हणाला. “मी पुन्हा करतो.”

तो दोन दिवस राबला. मापाशी ताडून बघायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना त्यानं गोजरबाईला बोलावलं. ती समोरून उभी राहिली, मग दोन्ही बाजूंनी फिरून आली.

“मियाँ, ही कोन?”

“काहून? काय चुकलं?”

“चुकलं काईच न्हाई. सारं बराबर हाय.” तिला पुढं सांगता येईना. “पर ही आमच्यात कवा ऱ्हायली न्हाई.”

इनायतनं हातातली कोरणी खाली ठेवली. “मला आठवंना, मावशी. आठ दिवस बघितलं, पर मापच घेत राहिलो. आता तुमीच हात लावा.”

कुंभाराची बाई चाकाला हात लावत नाही. पण हे चाकावरचं नव्हतं. गोजरबाई पाटावर बसली, बोटं पाण्यात बुडवली आणि डोळे मिटले. डोळ्यांवर तिचा भरवसा उरला नव्हता. हातांनी मात्र हे तोंड धुतलं होतं, तेल लावलं होतं, तापात चेपलं होतं, शेंबूड पुसला होता. हात आपल्या वाटेनं चालले. गालावर माती चढली, हनुवटी आखूड झाली, कपाळ पुढं आलं.

तिनं डोळे उघडले. अनुशीच होती. पण सोळाची नव्हती, पाच-सहा वर्षांची होती. पोरगी मोठी झाली की आईकडून तोंड धुऊन घेत नाही; हातांना पुढची अनुशी ठाऊकच नव्हती.

घरामागून ग्यानबा टोपली घेऊन आला. बघून टोपली खाली ठेवायची विसरला.

“अनुशे,” तो म्हणाला. आणि या वेळी माती आणायला गेला नाही.

मिरीनं जवळ येऊन नाकाला नाक भिडवलं. “आज्जे, ही तर माह्यावानी हाय.”

“तू तिच्यावानी हायेस.”

इनायतनं मापांची वही मिटली आणि म्हणाला, “मावशी, म्होरच्या साली लंडनला प्रदर्शन हाय. तुमच्या नावानं धाडतो. उगाच बोलत न्हाई, असं माझ्या हातून होणार न्हाई.”

“एक गेली परमुलखात, तेवढी बास. ही घरी राहू द्या.”

“बरं. पर मागून कोरून पोकळ करा, न्हाईतर भाजताना आव्यात फुटंल...”

“मला शिकवता व्हय, मियाँ?” गोजरबाई म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसल्यासारखं काही उमटलं. जाताना इनायत लुगडं ठेवून गेला. तिनं ते मिरीसाठी उतरंडीमागं बांधून ठेवलं.

मुखडा सावलीत तीन आठवडे वाळला. मग गाडग्यांच्या मधोमध, आच थेट लागू नये अशा बेतानं, ग्यानबानं तो आव्यात रचला. आवा दोन दिवस धुमसला, एक दिवस निवला. चौथ्या दिवशी सकाळी दोघं राख सारून एकेक गाडगं काढू लागले. हरेक गाडगं गोजरबाई कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवी. खणखणलं की उजवीकडं, बदबदलं की डावीकडं. कुठं बारीक चीर गेली असली तरी मातीचं गाडगं ती लपवत नाही, विचारलं की सांगतं.

मुखडा निघाला. लालभडक, नाक शाबूत, केसांवर राख.

“वाजवून बघ,” ग्यानबा म्हणाला.

गोजरबाईनं बोट वाकवलं, कपाळापाशी नेलं. तिथं ते थोडा वेळ तसंच राहिलं. मग तिनं ते सरळ केलं, पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि नाकाखालची राख पुसून काढली.