दोनशे फुंकरा

शिवण विभागातल्या मशीन बंद होत्या आणि चाळीस बायांचं कोंडाळं जमलं होतं. मधोमध आमची कॉलरवाली जमिनीवर बसलेली, छाती धरून, बोटं वाकडी झालेली. "मी मरतेय गं!" म्हणत होती. समोर फुंकरबाबा गाल फुगवून फुंकत होते.

"एकशे नव्याण्णव, दोनशे! सुटली!" बाबा गरजले. बाईचा श्वास खरोखरच थाऱ्यावर आला. बाबा मात्र खुर्चीत कोसळले. "माझ्या बोटांना मुंग्या आल्या, डोकं गरगरतंय. बघा, तिची बाधा आता माझ्यात शिरली!"

बायांनी हात जोडले.

निघताना बाबांनी कॉलरवालीला बजावलं, "पोरीला जवळ घेऊ नकोस. बाधा परत आली तर तिला धरेल."

झालं! चार वर्षांची लेक मावशीकडे गेली आणि आई तिला फाटकाबाहेरून बघून यायला लागली. इथे माझं डोकं सणकलं.

माझं काम स्टॉपवॉचचं: एका कॉलरला किती सेकंद, एका काजाला किती, ते लिहायचं. मला प्रेमाने कुणी बोलवत नाही. सवयीने मी फुंकराही मोजल्या होत्या. दोनशेला अठरा मिनिटं लागतात.

पुढच्या झटक्याला बाबा दुसऱ्या गावी होते. बाया रडकुंडीला आल्या. मी तिचा हात धरून बसले आणि घड्याळाची कळ दाबली. कुणीही फुंकलं नाही. सतराव्या मिनिटाला ती म्हणाली, "पाणी द्या."

मग मी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं.

"हृदय ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक. त्रास खरा, पण जीव घेत नाही. चढतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आपोआप उतरतो."

"आणि बोटं?"

"भराभर श्वास घेतला की कुणालाही मुंग्या येतात."

"बाबांनाही?"

"दोनशे वेळा फुंकल्यावर? त्यांना तर आधी येतील!"

मी इतकी हसले की कंपाउंडर डोकावला.

मावशीच्या दारात कॉलरवाली थबकली. "ताई, आत्ताच आलं तर?"

"येऊ दे. पाय जमिनीला टेकव, श्वास हळूहळू सोड, उतरेपर्यंत थांब. डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय ना?"

आलंच. घामाघूम झाली, पण पळाली नाही. लेक येऊन मांडीवर बसली, तिने ढकललं नाही. बारा मिनिटांनी दोघी बिस्किट खात होत्या.

बाबांना विचारायला हवं होतं, त्या बाधेने पोरीला का नाही धरलं? पण ते फिरकलेच नाहीत. म्हणून तुम्हालाच सांगते: छाती धडधडली तर आधी डॉक्टर गाठा, सोबतीला शहाणं माणूस ठेवा. आणि कुणी लेकराला आईपासून तोडायला सांगितलं, तर त्याला दार दाखवा.