मामंजींच्या झोळीचं कापड

मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या की आमच्या गावात माणसं वाढतात. त्या साली गिरण्यांचा मोठा संप झाला आणि आमचे हे ऐन आंब्याच्या दिवसांत घरी आले. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, म्हणून एकदाच सांगून ठेवते, काशीराम. हातात पत्र्याची ट्रंक आणि काखेत कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तागा. देवरूखच्या बाजारापासून आमच्या वाडीपर्यंत जो भेटला त्याने तो तागा चाचपून पाहिला. "काशाच्या हातचं कापड," असं ज्याने त्याने म्हटलं आणि ह्यांनी मान डोलावली. मान डोलवायला ह्यांना कधी कष्ट पडले नाहीत.

गावात ह्यांची पत होती ती या कापडावरच. मुंबईला मागावर बसून अख्ख्या मुलखाला धोतरं पुरवणारा माणूस, म्हणून वाडीच्या बैठकीत ह्यांना पुढे बसवत. भात लावणारे, गवत कापणारे मागे. मामंजी, म्हणजे माझे सासरे गंगाराम, दाराजवळ बसून मुलाच्या पाठीकडे बघत राहायचे. तेवढ्यावर त्यांचं पुढचं वर्ष निघायचं.

खोताच्या आंब्यांची राखण मामंजींकडे होती. वाडीच्या वर कातळाला लागून बाग, आणि आंबे उतरेपर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच. चटई टाकून निजायचे. त्या साली सकाळी चटई गुंडाळताना खालून फुरसं निघालं. मामंजींनी ते काठीने मारलं आणि आम्हांला हसत हसत सांगितलं. पुन्हा एक निघालं तेव्हा हसले नाहीत. फुरसं हा साप दिसायला वीतभर, पण चावला की कातळ उतरून दवाखाना गाठेपर्यंत माणूस हाताशी राहील याची खात्री नाही.

मग ठरलं की मामंजींनी जमिनीवर निजायचं नाही. आंबा आणि फणस यांच्यामध्ये मोठ्या माणसाला पुरेल अशी झोळी बांधायची. काथ्याचा दोर घरात होता. कापड कसलं घ्यायचं एवढाच प्रश्न होता, आणि तेवढ्यासाठी अख्खी वाडी आमच्या अंगणात जमली. आमच्याकडे कामाला बोलावलं तर कुणी येत नाही, सल्ल्याला न बोलावता येतात.

शेजारची चिमाकाकी म्हणाली, "गोणपाट घ्या. जन्मात फाटायचा नाय."

"मी काय भात हाय, गोणीत भरायला?" मामंजी म्हणाले. "रातभर आंग खाजवू का आंबे राखू?"

धाकू गाडीवानाची गाडी रत्नागिरीच्या बंदरावर जायची. त्याने गलबताच्या जुन्या शिडाचा एक तुकडा आणून अंगणात पसरला. कापड दांडगं होतं यात शंका नाही, पण त्याला मीठ, सुकट आणि माशाचं तेल यांचा मिळून असा वास होता की बैल दावं ओढायला लागले.

"यात निजलो तर फुरशाची गरजच नाय," मामंजी म्हणाले. "कोल्हेच उचलून नेतील मना."

मी दाराआडून सांगितलं की माझं लुगडं आहे. लग्नात आईने दिलेलं, हिरवं, तांबड्या काठाचं, हातमागावरचं, घट्ट विणीचं. सणाला नेसून पुन्हा घडी घालून ठेवलेलं. माझ्याकडे मिरवण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती आणि ती मी देत होते. चिमाकाकीने तोंडावर पदर धरला.

"सुनेच्या लुगड्यात सासरा निजला, आसं गावात व्हायचं हाय काय?" मामंजी खाली बघत म्हणाले. मी आत गेले आणि चुलीवर राग काढला.

राहिला तो तागा. तो बाहेर आला आणि वाडीने पुन्हा चाचपला. हाताला चामड्यासारखा जाड लागत होता, दुमडला की कडकड वाजत होता. "हे कापड," सगळे म्हणाले. मामंजींनी तर तो मांडीवरच घेतला.

तेव्हापासून ह्यांचं काही खरं नव्हतं. एरवी गिरणीची वर्णनं करून तोंड न दुखणारा माणूस, तो म्हणायला लागला, "नको बाबा, एवढं चांगलं कापड झाडाला कशाला?" मामंजी खूश झाले. "उन्हात पिवळं पडंल," हे म्हणाले. मामंजी म्हणाले, "पडूं दे. माझ्या पोरानं विणलाय, मी निजणार." ह्यांनी जेवढं नको म्हटलं तेवढं ते कापड वाडीच्या नजरेत चढत गेलं. मुलगा मुंबईला राहूनही किती नम्र, असंही कुणीतरी म्हणालं. ते ऐकून मलाही क्षणभर बरं वाटलं, आता कबूल करायला हरकत नाही.

संध्याकाळी विहिरीवर हे माझ्या मागोमाग आले. पाणी भरायला पुरुष विहिरीवर येतो तेव्हा त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं.

"त्या कापडात काय दम नाय," हे म्हणाले.

"सगळी वाडी म्हणते, चामडं हाय."

"ती खळ हाय. पीठ आणि पांढरी माती शिजवून सुताला पाजतात. कापड वजनाला भरतं, हाताला जाड लागतं. एकदा धुतलं की निम्मं पाण्याबरोबर गेलं. मग आरपार चांदणं बघ."

"तुमाला काय ठावं?"

ह्यांनी हातातला दोर खाली ठेवला. "मीच पाजतंय. मागावर कवा बसलोच नाय. मी खळीच्या खात्यात."

म्हणजे दहा वर्षं आमचा माणूस मुंबईला सुताची पेज शिजवत होता. इथे मी चुलीवर शिजवायची, तिथे त्यांनी. मला हसू येत होतं आणि घागर फेकून मारावीशीही वाटत होती. मी म्हटलं, मामंजींना जाऊन सांगा. हे म्हणाले, "बैठकीत मना पुढं बसवतात, तवा बाबाचं तोंड बघितलंस काय कवा?" बघितलं होतं. म्हणून तर सांगायचा हट्ट सोडला.

उपाय मीच काढला, कारण कापड फाटून मामंजी रात्री खाली पडणार ते फुरशाच्या अंगावर. वर गिरणीचं कापड, खाली गिरणीचं कापड, आणि मध्ये माझं लुगडं. पडवीचं दार लावून ह्यांनी दाभणाने जाड शिवण घातली. वाडीला सांगितलं की ही गिरणीची खास शिवण आहे, घालताना कुणी बघायची नसते. वाडीने तेही मानलं. लुगड्यात दाभण घुसत होतं तेव्हा मी तिथे थांबले नाही.

झोळी बांधली त्या दिवशी बागेत जत्रा भरली. मामंजी आत निजले, झोळी कडकडली, धाकूने दोन हिसके देऊन पाहिले. काही झालं नाही. "मुंबईचं काम," लोक म्हणाले. आईच्या लुगड्याचं कौतुक माझ्यासमोर चाललं होतं आणि मला पदर सावरत उभं राहावं लागत होतं.

पुढे व्हायचं तेच झालं. रात्री दहिवर पडायचं, कापड भिजायचं, आणि सकाळी मामंजींच्या पाठीवर पीठ सांडल्यासारखे पांढरे पट्टे उठायचे. मग पिठाच्या वासावर मुंग्या आल्या. मामंजी मुंग्या झटकत म्हणायचे, "नवं कापड हाय, नवेपण सोडतंय." नवेपण सोडता सोडता गिरणीच्या कापडाच्या वरखाली चिंध्या झाल्या. एका दुपारी मी पेज घेऊन वर गेले तर झोळीखालून माझा तांबडा काठ दिसत होता. मामंजींनी माझी नजर पाहिली, स्वतः वाकून काठ पाहिला आणि म्हणाले, "बग, आतल्या अंगाला बी काठ काढतात हे मुंबईवाले." पेज प्यायले आणि पुन्हा निजले. माणूस इतका भोळा असावा का, असं वाटून मला त्यांची दया आली.

आंबे उतरले, झोळी माळ्यावर गेली. पावसाळा सरला, संप मिटला. हे निघाले त्या सकाळी धाकूची गाडी दारात उभी होती आणि वाडी निरोपाला जमली होती. मामंजींनी माळ्यावरून झोळी काढून आणली आणि सगळ्यांसमोर ह्यांच्या हातात ठेवली.

"शिमग्याला येताना राहीला असलं लुगडं आण," ते माझ्याकडे हात करून म्हणाले. "वरचं नको. आतल्यासारखं."

हे झोळीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मान डोलावतील.

"आतलं आमच्या गिरणीत व्हत नाय, बाबा," हे म्हणाले. "आणि वरचं बी मी विणत नाय. मी सुताला खळ पाजतंय. आतलं राहीच्या आईनं दिल्यालं लुगडं हाय."

धाकू बैलांशी काहीतरी करायला लागला. चिमाकाकीच्या तोंडावर पुन्हा पदर गेला.

"मना ठावं हाय," मामंजी म्हणाले. "लग्नात ते लुगडं मीच हातात घेतलं व्हतं. पैल्याच राती पाठीला काठ लागला. म्हटलं, पोरगा सांगंल कवातरी."

म्हणजे आंब्यांपासून आजपर्यंत ते जाणून होते. दया मी कुणाची करत होते ते माझ्या लक्षात आलं, आणि जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत सासऱ्यांना विचारलं, "मग सुनेच्या लुगड्यात निजलात कसे?"

"कुणी सांगितलंन नाय, म्हणून," मामंजी म्हणाले. "सांगितलं आसतंस तर खाली निजाया लागलं आसतं."

शिमग्याच्या बैठकीला ह्यांना कुणी पुढे बोलावलं नाही. हे दाराजवळ गेले, तेव्हा मामंजींनी सरकून जागा दिली. पुढे कोण बसलं होतं ते त्या दोघांनी पाहिलंच नाही, खाली मान घालून आपलं काहीतरी बोलत होते. घरी आल्यावर ह्यांनी ट्रंकेतून माझ्यासाठी लुगडं काढलं, हिरवं, तांबड्या काठाचं, हातमागाचं असं शपथेवर सांगून घेतलेलं. मी हात पुढे केला, पण मामंजींनी ते आधी आपल्याकडे घेतलं, बोटांत चोळून पाहिलं आणि माझ्याकडे दिलं.

"नेसू नको एवढ्यात," ते म्हणाले. "आदी धुवून बग."